हात आखूड नव्हता

"उजवा हात आखूड वाटतोय," हे वाक्य मी एकाच संध्याकाळी तीन जणांकडून ऐकलं. तिघंही चित्रकार, तिघांचीही नजर माझ्यापेक्षा मुरलेली. तिघांनी एकाच जागी बोट ठेवल्यावर शंकेला जागाच उरत नाही, असं मला वाटलं. त्याच रात्री मी हात लांब केला आणि चित्र आणखी बिघडलं.

चित्र तसं साधं आहे. बिनपाठीच्या स्टुलावर बसलेली एक बाई, पाठमोरी, जराशी उजवीकडे वळलेली. डावा हात मांडीशेजारी स्टुलावर टेकलेला. उजवा हात वर गेलेला, कोपरात दुमडून डोक्यामागे आलेला, केसांचा पीळ मुठीत धरलेला. डावीकडून खिडकीचा उजेड. दिवसभराचं काम संपवून केस वर बांधताना ती मध्येच थांबलीय, हात तसाच राहून गेलाय, आणि तिचं मन दुसरीकडेच आहे. मला एवढंच पकडायचं होतं. पाठमोऱ्या माणसाचा थकवा चेहऱ्याशिवाय दिसतो का, हे मला बघायचं होतं.

3000 बाय 4000 पिक्सेलच्या कॅनव्हासवर मी तीन आठवडे काम करत होते. पाठ जवळजवळ पूर्ण झाली होती. कण्याची पन्हळ, कमरेच्या खालचे ते दोन खळगे, फासळ्यांवरून उतरत जाणारा उजेड. ती पाठ मला फार आवडली होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गुंता त्या आवडीनंच वाढवला. उजवा हात निम्मा रंगवला होता. पाय म्हणजे ब्रशचे चार फटकारे होते आणि मागे सपाट करडा रंग.

अडले होते ती हाताशी. फाइल उघडली की डोळा आधी तिथे जायचा आणि तिथेच ठेचकाळायचा, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नव्हतं. कॅनव्हास डाव्याचा उजवा करून पाहिला. डिजिटलमध्ये हे एका कळीचं काम. लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांना आपलं चित्र अधूनमधून आरशात बघायला सांगितलं होतं ते याचसाठी. उलटं झालेलं चित्र दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं, आणि दुसऱ्याच्या चुका आपल्याला लवकर दिसतात. माझ्या चित्रात उलटवल्यावर खटक वाढली, कारण मात्र कळलं नाही.

आमचा सहा जणांचा गट आहे. आठवड्यातून एकदा आपापलं अपुरं काम एकमेकांना दाखवायचं, एवढाच नेम. तेलरंगात आयुष्य घालवलेल्या एक ज्येष्ठ चित्रकार आहेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. मातीत काम करणारा एक शिल्पकार आहे, तो सगळ्यांचा दादा. दोघं जण ॲनिमेशनमधले आहेत, आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा एक मुलगा आहे, गटातला सर्वांत धाकटा. पूर्ण झालेलं चित्र तिथे आणायचं नाही, असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. पूर्ण चित्रावर लोक मत देतात, अपुऱ्या चित्रात हात घालतात, आणि आम्हाला हात घालणारी माणसं हवी होती.

पण अपुरं म्हणजे किती अपुरं? फार लवकर दाखवलं तर जे अजून केलेलंच नाही त्यावर बोलणं होतं: मागे काय असणार, पाय कुठे आहेत, रंग असेच राहणार का. फार उशिरा दाखवलं तर समोरचा कचरतो आणि आपणही. पाठीवर तीस-चाळीस तास घातल्यावर "पाठच चुकलीय" हे ऐकायला कान तयार नसतात. माझं चित्र या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. मी ते दोन आठवडे आधी दाखवायला हवं होतं, फक्त रेषा आणि दोन टोन असताना.

आणि दाखवताना मी विचारलं काय? फाइल समोर ठेवून म्हणाले, "उजवा हात खटकतोय. बघाल का जरा?"

त्या एका वाक्यानं मी सगळ्यांच्या नजरा हातावर नेऊन बसवल्या. तीन जणांनी एकाच जागी बोट ठेवलं, याचं मला जे नवल वाटलं होतं त्यात नवल काहीच नव्हतं. पहिलं बोट मीच ठेवलं होतं. "आखूड वाटतोय" म्हणणारे तिघं एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते, ते माझ्याच प्रश्नाला तीन उत्तरं देत होते. बाईंनी तेव्हाच हळू आवाजात म्हटलं होतं, "मला हातापेक्षा सावली खटकतेय गं." मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे "नंतर" असं लिहिलं. विचारलं हाताचं होतं ना! दादा त्या दिवशी काहीच बोलला नाही. त्यानं फाइल मागून घेतली, एवढंच.

माझ्या बहिणीचं तर मी त्याही आधी ऐकून सोडून दिलं होतं. ती चित्रकार नाही. मी काम करत असताना मागून जाता जाता ती थांबली आणि म्हणाली, "हिच्या खांद्याला काही झालंय का?" मी म्हटलं, "अगं, अजून व्हायचंय ते." ती गेली. तिला मी काही विचारलं नव्हतं, म्हणून तिची नजर मोकळी होती. लिओनार्दोनं आणखी एक लिहून ठेवलंय. चित्र काढताना कुणाचंही मत ऐकायला नकार देऊ नये, कारण चित्रकार नसलेल्या माणसालाही माणसाचं शरीर ओळखीचं असतं, एक खांदा वर आणि एक खाली असेल तर त्यालाही ते कळतं. हे मी कितीतरी आधी वाचलं होतं. घरातलं माणूस मागे उभं राहून खांद्याचं नाव घेत होतं तेव्हा मात्र ते आठवलं नाही.

तर मी हात लांब केला. हात वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर होता, त्यामुळे ट्रान्सफॉर्म करून कोपर वर ओढायला अर्धा मिनिटही लागला नाही. पहिल्या क्षणी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर बाईच्या खांद्यावरून एक वल्हं वर आल्यासारखं दिसत होतं. लांबी वाढली होती आणि आखूडपणा तसाच होता. दोन्ही एकाच वेळी कसं दिसू शकतं, याचा मी अर्धा दिवस विचार करत बसले.

मग मोजून पाहिलं. हाताच्या लेयरची नक्कल केली, फिरवण्याचा मध्यबिंदू खांद्याच्या सांध्यावर आणला आणि दंड खाली वळवला. सरळ बसलेल्या माणसानं हात खाली सोडला तर कोपर कमरेच्या बारीक भागाशी, शेवटच्या फासळीच्या आसपास येतं. माझं ओढून लांब केलेलं कोपर नितंबाच्या हाडापर्यंत पोचलं. मग जुन्या फाइलमधला, न ताणलेला दंड तसाच फिरवून पाहिला. कोपर कमरेशी बरोबर बसलं. डोक्याच्या मापानं मोजला तर दंड साधारण दीड डोकं भरला, म्हणजे तेही ठीक. तिचा दंड जवळजवळ चित्राच्या प्रतलातच होता, आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर झुकलेला नव्हता, म्हणून ही साधी मोजणी चालली. हात पुढे आलेला असता तर असं फिरवून काही कळलं नसतं.

हात आखूड नव्हताच. तरी आखूड दिसत होता, आणि तिघंही खोटं बोलत नव्हते.

तीन दिवसांनी दादाचा फोन आला, स्क्रीन समोर ठेवून बोलूया म्हणाला. त्यानं चित्र उघडलं आणि विचारलं, "हा हात येतो कुठून?"

"खांद्यातून."

"आणि खांदा कुठून येतो?"

मी गप्प बसले. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण त्या प्रश्नाच्या नजरेनं मी माझं चित्र कधी पाहिलंच नव्हतं.

तो म्हणाला, "मातीत हात खांद्याला नुसता चिकटवला तर गळून पडतो. आतली तार पाठीतून न्यावी लागते. तुझ्या हातात तार नाही." मग त्यानं नवा लेयर घेतला, लाल रंगाचा ब्रश घेतला आणि माझ्या लाडक्या पाठीवर एक त्रिकोण काढला. मी रंगवलेला खवाटा, म्हणजे खांद्याचं पातं, जिथे होतं बरोबर तिथे. त्याची आतली कड कण्याला समांतर होती, खालचं टोक सरळ जमिनीकडे. त्यानंतर त्यानं दुसरा त्रिकोण काढला: वळलेला, खालचं टोक काखेकडे सरकलेलं, वरचा बाहेरचा कोपरा उचललेला. "हात वर गेला की हे असं होतं. तू हात वर केलास आणि पाठ खालीच ठेवलीस."

हे वाचून माहीत असतं आणि तरी हातातून निसटतं. हात आणि धड यांच्यामध्ये हाडाला हाड भिडतं ते एकाच जागी, हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आतल्या टोकाशी, छातीच्या हाडाच्या वर. खवाटा फासळ्यांना कुठेही सांध्यानं जोडलेला नाही, तो स्नायूंमध्ये तरंगत असतो आणि म्हणूनच सरकू शकतो. हात पूर्ण वर, 180 अंशांपर्यंत नेला तर त्यातले साधारण 120 अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले 60 खवाट्याच्या वळण्यातून येतात. सुरुवातीला खवाटा फारसा हलत नाही. पुढे मात्र खांद्याच्या सांध्यातल्या दर दोन अंशांमागे तो एक अंश फिरतो. हासळीचं बाहेरचं टोक त्याच्याबरोबर वर चढतं, म्हणजे आख्खा खांदाच उंचावतो आणि मानेजवळ येतो. माझ्या चित्रातला खांदा विश्रांतीच्या जागी बसून होता. दंड योग्य लांबीचा होता, पण तो निघतच होता खालून. त्यामुळे कोपर डोक्याच्या वर जिथे पोचायला हवं तिथे पोचत नव्हतं, आणि बघणाऱ्याला वाटत होतं की हात अपुरा पडतोय.

हे कसं झालं तेही मग लख्ख दिसलं. मी दोन फोटोंवरून काम केलं होतं. दोन्ही माझेच, फोनला टायमर लावून काढलेले. पहिला दुपारचा, खिडकीजवळचा, दोन्ही हात खाली सोडलेला. त्यातला पाठीवरचा उजेड इतका सुंदर होता की पाठ त्यावरून घेतली. हात वर केलेला फोटो रात्री टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात काढला आणि त्यातून फक्त हात उचलला. दोन वेगळ्या शरीरस्थितींची मी एक बाई बनवली होती. शिवण नेमकी खांद्यावर आली होती, आणि माझ्या बहिणीला ती शिवणच दिसली होती.

त्या संध्याकाळी मी बहिणीला स्टुलावर बसवलं आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला. म्हटलं, "उजवा हात अगदी सावकाश वर घे." सुरुवातीला तळव्याखाली काहीच हललं नाही. हात खांद्याच्या उंचीकडे यायला लागला तशी हाडाची कड कण्यापासून सुटून बाहेर निघाली. हात आणखी वर गेला, आणि खवाट्याचं टोक कातडीखालून घसरत काखेच्या बाजूला आलं, बरगड्यांवर एक उंचवटा करून थांबलं. कण्याशेजारी जिथे आधी कड होती तिथे आता मऊ, थोडा खोलगट भाग होता. मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझिअस स्नायू आखडून जाड झाला होता, आणि खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू गोळा होऊन त्याच्या कडेला एक छोटी घडी पडली होती. मी तिला चार-पाच वेळा हात खाली-वर करायला लावला. "आता दुखायला लागला हं," ती म्हणाली, तेव्हा सोडलं. ॲनाटॉमीचे तक्ते मी पुष्कळ उतरवलेत. पण तळव्याखाली हाड सरकताना जे कळलं ते त्या तक्त्यांतून हाताशी आलं नव्हतं.

आता पाठ पुसायची होती. सगळी नाही, पण जो भाग मला सर्वांत आवडायचा तोच. आधी मी पळवाट शोधली, हे कबूल करते. लिक्विफाय, म्हणजे रंगवलेला भाग सरकवणारं साधन, घेऊन खवाटा ढकलत ढकलत नव्या जागी नेला. आकार साधारण जागेवर आला, पण ब्रशचे सगळे फटकारे ताणले गेले, पाठीची कातडी ओल्या कागदासारखी ओढलेली दिसायला लागली. शिवाय हाड जागचं हललं की त्याच्या भोवतीचा उजेडही बदलायला हवा, आणि लिक्विफाय उजेडाला ओळखत नाही. जुन्या जागेवरची सावली नव्या जागी जाऊन बसली होती. मग मात्र ते सोडलं. जुन्या पाठीची अपारदर्शकता 30 टक्क्यांवर आणली, वर नवा लेयर घेतला, आणि बहिणीचा त्याच दुपारच्या उजेडात, हात वर केलेला नवा फोटो काढून पुन्हा रेषेपासून सुरुवात केली. तीन संध्याकाळी गेल्या. दंडाची लांबी एका पिक्सेलनंही बदलली नाही. पहिल्या संध्याकाळच्या शेवटी, नुसत्या रेषांतसुद्धा, हात पुरेसा लांब दिसायला लागला होता.

वहीत "नंतर" म्हणून लिहिलेलं बाईंचं वाक्य त्यानंतर पुढे आलं. त्यांना फोन केला आणि सावलीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तिच्या पाठीवर खिडकी आहे आणि हातावर दिवा. डोळे किलकिले करून बघ." मी बघितलं. खिडकीचा उजेड थंड होता, त्यामुळे पाठीच्या सावल्या उबदार दिसत होत्या. हातावर मात्र उजेडच पिवळा होता, आणि दंडाच्या खालच्या बाजूला, सावलीत, नारिंगी परावर्तित उजेडाचा एक जाड पट्टा होता. तो मी मोठ्या हौसेनं रंगवला होता. दोन फोटोंची हीच गोष्ट पुन्हा, फक्त या वेळी हाडात नाही तर उजेडात. दादाला जे आकारात दिसलं तेच बाईंना रंगात दिसलं होतं, आणि त्याही पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या.

मला एकाच गोष्टीनं बुचकळ्यात टाकलं. मी ते चित्र आधी रंग काढून, नुसत्या करड्या छटांत करून तपासलं होतं आणि त्यात हा पट्टा खटकला नव्हता. पुन्हा तपासलं तेव्हा लक्षात आलं की मी सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची, पट्टी शून्यावर ओढून करडं केलं होतं. त्या पद्धतीत रंगाचा खरा उजळपणा राहत नाही. भडक पिवळा आणि भडक निळा त्यात सारख्याच करड्यात उतरतात, आणि डोळ्याला तर पिवळा कितीतरी उजळ दिसतो. याऐवजी सगळ्यांत वर एक काळा लेयर भरून त्याचा मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत, 'कलर' केली की करडा डोळ्याच्या जवळचा मिळतो. तसा केला, आणि तो नारिंगी पट्टा सावलीतून उडी मारून बाहेर आला. उजेडाच्या बाजूच्या सर्वांत गडद छटेपेक्षाही तो उजळ होता. परावर्तित उजेड कितीही असला तरी तो सावलीच्या घरातला असतो, उजेडाच्या घरात त्यानं पाऊल टाकलं की आकार फुटतो, गोल दंड सपाट पट्ट्यांचा दिसायला लागतो. मी तो पट्टा गडद केला, त्याचा नारिंगीपणा उतरवला आणि दंडावरची उजेड-सावलीची सीमा खिडकीच्या दिशेनं पुन्हा बसवली. हे काम खांद्यापेक्षा लवकर झालं, अर्ध्या दिवसात.

आणि एक सूचना मी घेतली नाही. गटातल्या धाकट्यानं माझ्या फाइलवर स्वतः रंगवून, पेंटओव्हर करून पाठवलं होतं. "ताई, कंबर आणखी आत घेतली, पाठीला लांब वळण दिलं. बघा, कसं उठतंय." खरंच उठत होतं. मानेपासून बैठकीपर्यंत एकच लांब, ओघवती रेषा होती, आणि माझ्या चित्रापेक्षा ती शंभर पावलांवरून जास्त नजरेत भरली असती. मी ते दोन दिवस बाजूच्या खिडकीत उघडं ठेवलं.

शरीर खरं असतं त्याहून लांब करणं ही चूकच असते असं मी मानत नाही. फ्रेंच चित्रकार आंग्रनं 1814 मध्ये रंगवलेली, आता लूव्र संग्रहालयात असलेली पाठमोरी 'ग्रांद ओदालिस्क' याचंच उदाहरण आहे. 1819 मध्ये ती पॅरिसच्या सलों प्रदर्शनात लागली तेव्हा टीकाकारांनी तिच्या पाठीत जास्तीचे मणके मोजले. मणके जास्त आहेत हे खरंच आहे, पण त्या पाठीचं लांबलचक निवांत वळण त्यांच्यामुळेच आहे. ती बाई निवांत आहे, म्हणून ती पाठ तिला शोभते. माझी बाई निवांत नाही. तिचं सगळं वजन डाव्या हातावर आणि स्टुलावर उतरलंय, पोट जरा ढिलं पडलंय, कंबर दबून तिथे कातडीच्या दोन घड्या आल्या आहेत. ती कंबर आत घेतली असती तर घड्या गेल्या असत्या, आणि घड्यांबरोबर थकवाही गेला असता. त्याला मी हे सगळं लिहून कळवलं. नुसतं "धन्यवाद, विचार करते" असं लिहून सोडणं मला बरं वाटलं नाही. त्यानं त्यावर वेळ घातला होता, रात्रभर बसला असेल, आणि आपली सूचना का घेतली गेली नाही हे कळण्याचा त्याला हक्क होता.

शिवाय त्याच्या त्या पेंटओव्हरमधून मी एक गोष्ट घेतलीच, जी त्यानं सांगितलेली नव्हती. घाईत रंगवताना त्यानं डाव्या खांद्याची कड मागच्या उजेडात विरघळू दिली होती. खिडकीकडची ती कड मी सगळीकडे सारखीच धारदार ठेवली होती, कातरून चिकटवल्यासारखी. त्याच्या चित्रात खांदा कुठे संपतो आणि उजेड कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं, आणि तेवढ्यानंच तिथे हवा आली होती. मी माझ्या चित्रात तेवढीच कड सोडून दिली. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते तर चुकून झालं होतं, ताई." मी म्हटलं, "असू दे. मला तेच हवं होतं."

पेंटओव्हरविषयी मनात एक अढी होती, ती यानंतर गेली. आपल्या चित्रावर दुसऱ्यानं ब्रश फिरवला की पोटात काहीतरी हलतं, ते माझ्याही पोटात हललं. दादानं ती लाल रेघ ओढली तेव्हा मी खुर्चीत मागे सरले होते. पण "खवाटा वळव" या दोन शब्दांवर मी चार वेगवेगळ्या गोष्टी करून पाहिल्या असत्या. त्या दोन त्रिकोणांनंतर एकच करायची उरली. आता मी स्वतःच सांगते, हवं तर वर काढून दाखवा, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर एक रिकामा लेयर ठेवूनच पाठवते.

पुढच्या आठवड्यात चित्र पुन्हा समोर ठेवलं. या वेळी एक शब्दही बोलले नाही. हात कसा वाटतोय, उजेड जुळला का, काही नाही. फक्त फाइल उघडली आणि मागे टेकून बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मला माझ्याच श्वासाचा आवाज येत होता. मी त्यांचे डोळे बघत होते, पडद्यावर ते कुठून कुठे जातायत ते. हातापाशी कुणी अडलं नाही. नजर कोपरावरून केसांवर, केसांवरून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरत होती. मला आवडायची त्या पाठीवर नव्हे, तिच्या जागी आलेल्या दुसऱ्या पाठीवर. खांद्याविषयी कुणी काहीच म्हटलं नाही. आखूड हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

मग बाई पुढे झुकल्या. "डावा पाय," त्या म्हणाल्या. "जमिनीला टेकलेला नाही तो."

मी बघितलं. टाचेखाली स्पर्शाची गडद सावलीच नव्हती. पाऊल वरच्या वर अधांतरी होतं. दादा म्हणाला, "थांबा, पायाचं नंतर. आधी मला सांग, वजन त्या हातावर आहे ना? मग डावा खांदा मानेकडे वर चढलेला का नाही?"

मी वही उघडली. दोन्ही लिहून घेतलं आणि या वेळी पुढे "नंतर" लिहिलं नाही. रिकामा लेयर निवडला आणि पेन दादाच्या स्वाधीन केलं.